आखाती मुलूख आणि मराठी संसार – लेखांक सातवा : कतारमधील फावला वेळ

गेल्या आठवड्यात आपण कतारमधील भाड्याचे घर, त्याचा करारनामा आणि सरकारदफ्तरी करावयाची नोंद यांचा विचार केला. घर लागले, मुलांची शाळा सुरू झाली आणि गृहस्थाची नोकरी मार्गी लागली, म्हणजे पहिल्या महिन्याच्या आतच घराघरांतून एक प्रश्न निघतो, की सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जावयाचे कोठे. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु आप्तस्वकीयांपासून दूर, शेजारधर्माचा आणि सणावारांचा नित्याचा आधार सुटलेल्या ठिकाणी, चार भिंतींत कोंडलेली गृहिणी आणि पडद्याला डोळे लावून बसलेली मुले यांचे जे मूक हाल होतात ते ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना परमुलखातील संसाराचे सुख पगाराइतकेच या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, हे पटवून द्यावे लागणार नाही. म्हणून हा संपूर्ण लेखांक मी त्यालाच देत आहे, आणि माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या देशात मनोरंजनाची साधने विपुल आहेत, परंतु त्यांवर प्रहर आणि ऋतू यांचा कडक अंमल आहे. तो ज्याने ओळखला नाही तो द्रव्य खर्चूनही कष्टी होऊन घरी येतो, आणि ज्याने ओळखला त्याला येथील उत्तमोत्तम गोष्टी बहुधा फुकट किंवा अल्प मोलात मिळतात.

कतार हे अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावरून उत्तरेकडे आखातात शिरलेले द्वीपकल्प असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी आहे. नदी एकही नाही, पर्वत नाही, वर्षाचा पाऊस सरासरीने १०० मिलिमीटरही भरत नाही, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचा पारा ४० अंशांच्या वर, पुष्कळदा ४५ च्याही पलीकडे असतो. ऑगस्टात त्यात समुद्रावरील दमट हवेची भर पडते, तेव्हा सूर्यास्तानंतरही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. १ जून ते १५ सप्टेंबर या अवधीत सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत मजुरांकडून उघड्यावर काम करवून घेण्यास सरकारी मनाई आहे. आणि जो वेळ धट्ट्याकट्ट्या मजुरासाठी कायद्याने निषिद्ध ठरवला, त्या वेळी पाच वर्षांच्या मुलाला बागेत नेण्याचा विचार कोणीही मनात आणू नये.

हा ऋतुधर्म आजकालचा नाही. तेल सापडण्यापूर्वी हा मुलूख मोत्यांवर जगत होता, आणि मोती काढण्याचा मुख्य हंगाम ऐन उन्हाळ्यात सुमारे चार महिन्यांचा असे. त्या काळात गावातील धडधाकट पुरुष गलबतांवर आणि बायका, मुले व वृद्ध किनाऱ्यावर, अशी प्रत्येक घराची फाळणी होई. हंगाम संपून गलबते परतली म्हणजे किनाऱ्यावर उत्सव होई, आणि तेथून पुढचे थंडीचे महिने लग्नकार्यांचे, पाहुणचाराचे, आणि दोन सरी पडून थोडी हिरवळ उगवलीच तर वाळवंटात तंबू ठोकून राहण्याचे असत. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. त्या व्यापारामुळे आणि ब्रिटिशांच्या वर्चस्वामुळे येथे हिंदुस्थानी रुपयाच चलन म्हणून चाले, आणि १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी जो निराळा रुपया काढला तो १९६६ पर्यंत येथे चालत होता. जपानात संवर्धन केलेल्या स्वस्त मोत्यांनी १९३० च्या दशकात हा धंदा बुडवला, दुखान येथे तेल लागले, १९४९ च्या अखेरीस त्याची निर्यात सुरू झाली, पुढे नैसर्गिक वायूने अपार संपत्ती दिली. परंतु उन्हाळा सोसावयाचा आणि हिवाळा उपभोगावयाचा हा जुना शिरस्ता मात्र तसाच राहिला आहे.

साप्ताहिक सुटी शुक्रवार आणि शनिवार अशी दोन दिवसांची असते. शुक्रवारची सकाळ सर्वत्र निःशब्द. मध्यान्हीची सामुदायिक नमाज आटोपेपर्यंत दुकाने बहुधा बंदच, आणि राजधानी दोह्याला जाग येते ती उन्हे कलल्यावर. त्यानंतर मात्र हा गाव मध्यरात्रीपर्यंत झोपत नाही. बागेतील झोपाळ्यांवर रात्री दहा वाजता मुलांची झुंबड उडालेली पाहून नव्याने आलेल्या मराठी मातेला प्रथम धक्का बसतो, कारण नऊच्या आत मुलांना निजवण्याची शिस्त आपल्याकडे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानली जाते; पण येथील आयांनी ती वेळ हवेकडे पाहून ठरवलेली आहे, आणि सुटीच्या दोन दिवसांपुरता तरी आपणही त्यांचाच कित्ता गिरवावा. दुपारी मुलांना निजवावे आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजेनंतर घराबाहेर पडावे. एवढ्या एका फेरफाराने निम्मी अडचण दूर होते.

बाहेर पडून प्रथम जावे ते कॉर्निशवर. दोह्याच्या उपसागराला चंद्रकोरीप्रमाणे वळसा घालून गेलेला हा सुमारे सात किलोमीटरांचा फरसबंद किनारा सर्वांना मोकळा आहे. एका अंगाला लाकडी गलबते नांगर टाकून उभी, समोर पाण्यापलीकडे काचेच्या मनोऱ्यांचे दिवे, आणि दक्षिण टोकाला, स्वतःसाठी मुद्दाम भराव घालून केलेल्या बेटावर उभे असलेले इस्लामी कलासंग्रहालय. आय. एम. पै या चिनी वंशाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, हे काम हाती घेतले. शहर वाढेल आणि उंच इमारती आपल्या वास्तूला झाकून टाकतील हे ओळखून त्याने किनाऱ्यावरील जागा नाकारली व समुद्रात जागा मागून घेतली. २००८ मध्ये ते उघडले. संग्रहालयाभोवतीच्या उद्यानात हिरवळीवर सतरंजी पसरून, घरून आणलेला डबा उघडून बसलेली कुटुंबे थंडीच्या दिवसांत शेकड्यांनी दिसतात, आणि माझ्या मते या शहरातील सर्वात सुंदर भोजनगृह तेच आहे.

तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर सूक वाकिफ हा जुना बाजार लागतो. लोकर, दूध आणि मासळी यांची देवघेव करण्यासाठी वाळवंटातील बदाऊन आणि किनाऱ्यावरील कोळी येथे जमत. तेलाच्या पैशाने नवी दुकाने आल्यावर त्याला अवकळा आली, २००३ मध्ये त्याच्या एका भागाला आग लागली, आणि ते सारे पाडून टाकण्याऐवजी सरकारने २००४ पासून त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला; नवे बांधकाम काढून टाकून मातीचा गिलावा, लाकडी वासे आणि बांबूची छपरे पुन्हा बसवण्यात आली. आज जे दिसते त्यात जुने किती आणि जुन्यासारखे किती, हा वाद जाणत्यांनी घालावा. परंतु मसाल्यांच्या गोण्या, अत्तरे, दोरखंड आणि तांब्यापितळेची भांडी यांच्या अरुंद गल्ल्यांतून मुलांचे हात धरून हिंडताना, एकचाकी हातगाडी ढकलीत जाणारा वृद्ध हमाल वाट मागतो तेव्हा आपण एखाद्या जित्याजागत्या बाजारात आहोत याविषयी संशय राहत नाही. ससाण्यांची बाजारपेठ तर मुलांना अवश्य दाखवावी. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून ओळीने बसवलेले ते पक्षी, त्यांची किंमत आणि नजर यांविषयी हलक्या आवाजात बोलणी करणारे गिऱ्हाईक, आणि केवळ ससाण्यांसाठी चालवलेले शेजारचे रुग्णालय, हे सर्व पाहिले म्हणजे या समाजाने आपल्या मृगयेच्या परंपरेला किती जपले आहे ते ध्यानात येते.

आता खाण्यापिण्याकडे वळू. कतारी घरातील मुख्य पक्वान्न म्हणजे माचबूस. मांस किंवा मासळी मसाल्यांत शिजवून त्याच रश्श्यात तांदूळ शिजवतात, आणि त्याला विशिष्ट आंबूस-कडवट चव येते ती लूमी नावाच्या, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेल्या काळ्या लिंबाने. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत तासन्‌तास घोटून केलेला हरीस मराठवाड्यातील वाचकांना परका वाटणार नाही, कारण औरंगाबादेच्या आणि हैदराबादच्या हलिमाचे मूळ त्याच्यातच आहे. न्याहारीला बलालीत करतात : केशर-वेलदोडा घातलेल्या गोड शेवयांवर अंड्याची पोळी. हे मिश्रण ऐकून आपल्या मंडळींची मुद्रा संकोचते, पण चाखून पाहावे. सूक वाकिफमध्ये तव्यावर हाताने पीठ फिरवून पापडाइतकी पातळ रगाग भाजणाऱ्या स्त्रिया आढळतात. ती चीज घालून मागवली म्हणजे शाकाहारी मुलांचीही सोय होते. येमेनी उपाहारगृहांत जमिनीतील भट्टीत शिजवलेली मंदी भल्या थोरल्या थाळ्यात येते आणि सर्वांनी भोवती बसून एकाच थाळ्यातून खावयाचे असते. पुष्कळ ठिकाणी कुटुंबांसाठी पडद्याची किंवा लाकडी आडोशाची निराळी दालने राखलेली असतात. शुद्ध शाकाहारी घरांना हुमुस, फलाफल, मुतब्बल आणि फूल हे लेबानी व मिसरी पदार्थ ठिकठिकाणी मिळतात. नजमा, मन्सूरा या वस्त्यांत डोशापासून थाळीपर्यंत सर्व काही आहे, त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

कोकणातील वाचकांसाठी मात्र दोन शब्द अधिक लिहितो. येथील लोकांचा आवडता मासा हमूर, परंतु बाजारात झुबैदी म्हणून जे विकले जाते ते आपले पापलेट आणि कनद म्हणून जी मिळते ती आपली सुरमई. सुरमईच्या विणीच्या काळात, १५ ऑगस्टपासून १५ ऑक्टोबरपर्यंत, तिच्यासाठी जाळे टाकण्यास बंदी असते. पावसाळ्यातील आपल्या मासेमारीबंदीची ज्यांना सवय आहे त्यांना या हुकुमामागचे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

पण आतिथ्याचा गाभा भोजनात नसून काफीत आहे. कतारी घरात किंवा मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, जाण्याचा योग आला तर हलक्या भाजलेल्या बियांची, वेलदोड्याच्या आणि केशराच्या वासाची, साखर नसलेली गहवा आणि सोबत खजूर पुढे येतील. वाढणारा डाव्या हाताने दल्ला नावाचे काफीपात्र धरून उजव्या हाताने पेला देतो. पाहुण्यानेही उजव्या हातानेच घ्यावा. पेला तळापुरताच भरलेला असतो, आणि रिता होताच पुन्हा भरला जातो. पुरे झाले हे शब्दाने सांगत नाहीत, पेला हातात किंचित हलवला की वाढणारा समजतो. तीन पेल्यांपर्यंत घेणे शिष्टसंमत आहे. ही गहवा आणि ती जेथे दिली जाते ती मजलिस, दोन्हींची नोंद २०१५ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. रस्त्यावरचे पेय मात्र निराळे : करक चहा, म्हणजे दुधात कढवलेला, वेलदोडा घातलेला दाट गोड चहा. तो आपल्याच उपखंडातील लोकांनी येथे आणला आणि आज कतारी तरुण मोटारीतून न उतरता, केवळ शिंग वाजवून तो मागवतो. थंडीच्या रात्री मोटारीच्या काचा उतरवून सबंध कुटुंबाने करक पीत बसावे, हा येथील सर्वात स्वस्त आणि सर्वमान्य विरंगुळा आहे.

रमजानच्या महिन्यात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणेपिणे निषिद्ध असते, याची मुलांना आधी समज द्यावी. त्याच महिन्यातील चौदाव्या रात्री गरंगाओ साजरा होतो : पारंपरिक पोशाख केलेली मुले गळ्यात कापडी पिशव्या अडकवून, गाणी म्हणत दारोदार जातात आणि सुका मेवा व मिठाई गोळा करतात. बाजारांतून आणि संग्रहालयांतून त्या रात्री सर्व धर्मांच्या मुलांना सहभागी करून घेतात. आपल्या मुलांना अवश्य न्यावे.

क्रीडेच्या बाबतीत या देशाचा उत्साह खऱ्या अर्थाने राजाश्रयाचा आहे. फेब्रुवारीतील दुसरा मंगळवार हा राष्ट्रीय क्रीडादिन असून अमीरांच्या आदेशाने २०१२ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. कचेऱ्यांतील अंमलदारांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे धावण्याच्या पोशाखात बागांतून दिसतात. २००६ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने विस्तारलेला अस्पायर परिसर, त्यातील ८८ हेक्टरांचे उद्यान आणि तळे, आणि शेजारचे १९७६ चे खलिफा क्रीडांगण हे कुटुंबाने संध्याकाळ घालवावी असे ठिकाण आहे. याच क्रीडांगणावर २०१९ च्या जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या, आणि दोह्यातच जन्मलेल्या मुताझ बर्शिम या उंच उडीच्या खेळाडूने स्वतःच्या गावकऱ्यांसमोर सुवर्णपदक मिळवले. दोन वर्षांनी टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये २.३७ मीटरवर तो आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी बरोबरीत राहिले, तेव्हा निर्णायक उडी न मारता दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले. मुलांना खेळाविषयी काय शिकवावे असे कोणी मला विचारले, तर मी त्या सायंकाळचे चित्रीकरण दाखवा असे सांगेन.

परंतु त्याच २०१९ च्या स्पर्धांत निसर्गाने आपला अधिकारही बजावला. स्त्रियांची मॅरेथॉन उन्हाच्या भयाने मध्यरात्रीच्या ठोक्याला कॉर्निशवर सुरू करण्यात आली, तरीही उकाडा आणि दमटपणा इतका होता, की ६८ धावपटूंपैकी २८ जणींना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. २०२२ ची जागतिक फुटबॉल स्पर्धा उन्हाळ्याऐवजी २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात भरवण्यात आली तीही याच कारणाने. त्या स्पर्धेसाठी सज्ज केलेल्या आठ क्रीडांगणांपैकी सातांत कतार विद्यापीठातील प्राध्यापक सौद अब्दुल गनी यांच्या योजनेनुसार शीतनाची व्यवस्था आहे : संपूर्ण अवकाश थंड न करता, प्रेक्षकांच्या आसनांखालून आणि मैदानाच्या कडेने थंड हवा सोडतात, ती जड असल्याने खालीच साचून राहते, आणि तीच हवा परत ओढून, गाळून, पुन्हा थंड करून वापरतात. आठवे क्रीडांगण जहाजांवरील मालाच्या पेट्यांतून उभे केलेले, समुद्राच्या वाऱ्यावर विसंबणारे. अल खोरचे अल बैत हे बदाऊनांच्या तंबूच्या आकाराचे, तर अल थुमामा अरबी पुरुषाच्या जाळीदार टोपीच्या आकाराचे आहे. सामना नसला तरी ती बाहेरून पाहण्याजोगी आहेत. हीच शीतनाची युक्ती आता उद्यानांतही आली आहे. उम्म अल सनीम उद्यानात एक किलोमीटरहून अधिक लांबीचा शीतल केलेला पादचारी मार्ग आहे. अशा व्यवस्थेवर केवढी वीज खर्च होत असेल हा विचार मनाला टोचतो, आणि तो टोचावाही. तथापि जुलै महिन्यात मधुमेही वृद्ध आईवडिलांना भेटीसाठी बोलावलेल्या मुलाला त्यांच्या नित्याच्या फेरफटक्याची सोय दुसरीकडे कोठे मिळणार, हेही विसरता येत नाही.

उन्हाळ्याचे उरलेले आश्रयस्थान म्हणजे मोठाले मॉल. कोणी आतून रंगवलेल्या आभाळाखाली कालवा आणि होड्या ठेवल्या आहेत, कोणी बर्फावर घसरण्याची सोय केली आहे. मुलांना मौज वाटते, पैसा भराभर संपतो. त्यापेक्षा शिक्षणनगरीतील (एज्युकेशन सिटीतील) राष्ट्रीय ग्रंथालयात जावे असा माझा आग्रह आहे. रेम कूल्हास या डच वास्तुविशारदाने रचलेली, २०१८ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेली ही वास्तू म्हणजे एकच विशाल दालन आहे. चहूबाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली ग्रंथांची कपाटे, मध्यभागी जमिनीत उत्खनन केल्याप्रमाणे खोलवर बसवलेला जुन्या हस्तलिखितांचा व नकाशांचा विभाग, आणि मुलांसाठी स्वतंत्र, प्रशस्त, गोष्टींच्या कार्यक्रमांनी गजबजलेला भाग. येथील रहिवाशांना सभासदत्व विनामूल्य आहे. सबंध उन्हाळाभर दर शनिवारी मुलांना येथे न्यावे. कोणत्याही खेळघरापेक्षा ती येथे अधिक काही मिळवतील. २०१९ मध्ये उघडलेले, वाळवंटी गुलाब नावाच्या स्फटिकदगडाच्या आकाराचे, झां नुव्हेल यांचे राष्ट्रीय संग्रहालय जुन्या राजवाड्याला कवेत घेऊन बसले आहे, तेही एक पूर्ण दिवस देण्याजोगे आहे. मुले थोडी मोठी असतील तर मशैरिब भागातील बिन जलमूद हे घर दाखवावे. गुलामगिरीचा इतिहास, आखातातील गुलामगिरीसुद्धा, न लपवता मांडणारे हे संग्रहालय अरब जगात विरळा आहे. या सर्व ठिकाणी मेट्रो जाते, एका प्रवासाला दोन रियाल आणि दिवसभराच्या पासाला सहा रियाल पडतात, आणि गाडीत कुटुंबांसाठी निराळा भाग राखलेला असतो.

नोव्हेंबर लागला की वाळवंट माणसात येते. कतारी कुटुंबे परवाना काढून महिनोन्‌महिने तंबू ठोकतात, कामावर शहरात जातात आणि रात्री तंबूत परततात. दक्षिणेस सौदी सीमेजवळ खोर अल अदैद येथे समुद्र वाळूच्या टेकड्यांमधून आत शिरून तलावासारखा पसरला आहे. रस्ता नाही, चारही चाकांना जोर असणारी गाडी, टायरांतील हवा कमी करण्याचे ज्ञान आणि भरती-ओहोटीची माहिती यांवाचून जाऊ नये, आणि एकट्या गाडीने तर कधीच जाऊ नये. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी जाणता वाटाड्या भाड्याने घ्यावा, त्यात कमीपणा नाही. उत्तरेकडे अल खोरजवळ अल झखीरा येथे खाडीत तिवरांचे वन आहे. आपल्या कोकणातील खाड्यांत वाढते तेच हे झाड. छोट्या होड्यांतून त्यात फिरता येते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. शेजारच्या बेटावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढीत असत, आणि त्यांच्या शिंपांचे ढीग संशोधकांना तेथे सापडले आहेत. वायव्य किनाऱ्यावरील अल झुबारा हे अठराव्या शतकातील मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे ओसाड शहर २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथे उभा दिसणारा किल्ला मात्र १९३८ चा आहे. फुवैरितच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, त्या महिन्यांत तो किनारा बंद असतो. वेळास-आंजर्ल्याची कासवे पाहिलेल्या मुलांना त्याचे कारण सांगावे लागत नाही.

अल शहानियाच्या उंटांच्या शर्यती हिवाळ्यात पहाटे आणि दुपारी होतात. मालक आणि प्रेक्षक धावपट्टीला समांतर मोटारी पळवतात आणि उंटांच्या पाठीवर लहानसे यांत्रिक स्वार असतात, ज्यांचा चाबूक मोटारीतून दूरनियंत्रकाने चालतो. ही मजा मुलांना दाखवावी, आणि तिच्यामागची हकीकतही सांगावी : पूर्वी या पाठींवर लहान मुलेच बांधीत, वजन कमी म्हणून, ती सुदानातून आणि आपल्या उपखंडातील दरिद्री घरांतून आणलेली असत. २००५ मध्ये कतारने ही प्रथा कायद्याने बंद केली आणि तेव्हापासून यंत्रे आली.

येथवर जे वर्णन केले ते कुटुंबाचे जग. परंतु सुमारे तीस लाखांच्या या देशात पुरुषांचे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांश आहे, आणि त्यांतील बहुसंख्य आपला संसार मागे ठेवून आलेले मजूर आहेत. येथील बोलीत तुम्ही 'फॅमिली' असता किंवा 'बॅचलर' असता. गावी बायको आणि चार मुले असलेला सुतारही येथे बॅचलरच. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कौटुंबिक वस्त्यांत मजुरांच्या निवासाला मनाई केली, आणि कित्येक मॉल व बाजार शुक्रवार हा कुटुंबांचा दिवस ठरवून एकट्या पुरुषांना, विशेषतः आपल्याच उपखंडातील मजुरांना, दारावरून परत पाठवीत आले. मजुरांचा आठवड्यातला एकुलता सुटीचा दिवस शुक्रवार, आणि त्याच दिवशी दार बंद. या व्यवस्थेच्या बाजूने स्त्रियांच्या निर्धास्तपणाचा दाखला देतात, आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने ती भिंत बांधली, त्यालाच तिच्या सावलीत बसण्याची मनाई असावी, हे मला कोणत्याही युक्तिवादाने न्याय्य वाटत नाही.

या मजुरांनीही आपली करमणूक शोधली आहे. शुक्रवारी पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी, मोकळ्या पटांगणांवर आणि रिकाम्या वाहनतळांवर टेनिसच्या चेंडूला चिकटपट्टी गुंडाळून क्रिकेटचे डाव रंगतात. मलयाळी, तमिळ, बंगाली, नेपाळी, पठाण आणि क्वचित आपला एखादा रत्नागिरीचा किंवा नांदेडचा मुलगा एकाच मैदानावर असतात. औद्योगिक वसाहतीला लागून एशियन टाउन म्हणून जो भाग वसवला आहे त्यात दुकाने, चित्रपटगृहे आणि एक चांगले क्रिकेटचे क्रीडांगण आहे. २०२२ च्या फुटबॉल स्पर्धेच्या वेळी ते मजुरांसाठी खुले करून तेथे मोठ्या पडद्यावर सामने दाखवले गेले, आणि शहराकडील महागडी तिकिटे ज्यांना परवडत नव्हती असे हजारो लोक, ज्यांतील पुष्कळांनी तीच क्रीडांगणे बांधली होती, तेथे रात्रीमागून रात्री जमत.

मराठी कुटुंबांनी या बाबतीत करण्यासारखे एक काम आहे आणि ते अवघड नाही. येथे सार्वजनिक मंदिर नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ आणि नाटके सभागृहांतून आणि घरोघरी होतात, आणि भारतीय दूतावासाच्या छत्राखाली सांस्कृतिक केंद्र व क्रीडाकेंद्र चालतात. अशा प्रसंगी वर्गणीचा आणि निमंत्रणाचा हिशेब कुटुंबांच्याच यादीवरून होतो. त्या यादीत वसाहतीतील एकट्या राहणाऱ्या मराठी मजुरांची नावे घालावी, त्यांना आणण्या-पोहोचवण्यासाठी गाडीची तजवीज करावी, पंगतीत त्यांना मुलांशेजारी बसवावे. स्वतःच्या मुलांना दोन-दोन वर्षे न पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या मुलाला वाढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सूचनेचे कारण विचारावे लागणार नाही.

पुढील लेखांकात कतारमधील सरकारी आरोग्यकेंद्रे, तेथे लागणारे आरोग्यपत्र आणि मायदेशातून औषधे आणण्यासंबंधीचे नियम यांचा विचार करू.